चोवीस तासांची चोवीस मिनिटे

दीर्घ पल्ल्याच्या मोटारशर्यती दूरचित्रवाणीवर ज्या पद्धतीने दाखवल्या जातात, तिच्याविरुद्ध कुणीतरी स्पष्ट शब्दांत तक्रार करायला हवी. तक्रार अशी: ज्या खेळाचे सारे सत्त्व काळात साठलेले आहे, त्यातला काळ पिळून काढून उरलेला चोथा प्रेक्षकाला वाढला जातो. भरधाव गाडी दिसते, धडक दिसते, विजयमंचावरचा शॅम्पेनचा फवारा दिसतो. चोवीस तास मात्र दिसत नाहीत. एकेकाळी ते दिसत नसत, कारण वाहिन्यांकडे तेवढा वेळ नसे. आता चोवीसच्या चोवीस तास प्रक्षेपण होते, तरीही ते दिसत नाहीत. तेव्हा दोष वेळेच्या टंचाईला देऊन भागणार नाही. तो दाखवणाऱ्याच्या दृष्टीत शोधावा लागेल.

या खेळाशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. फ्रान्समधल्या ले मान्स या शहराबाहेर १९२३ साली चोवीस तासांची शर्यत सुरू झाली. सर्वांत वेगवान गाडी कोणती, हे ठरवणाऱ्या शर्यती तेव्हाही होत्याच. इथे पाहायचे होते ते हे, की रस्त्यावर चालणारी गाडी रात्रभर दिवे लावून, न मोडता, न थकता धावू शकते का. आजचा मार्ग १३.६२६ किलोमीटरचा आहे आणि त्याचा बराचसा भाग एरवी रहदारीचा साधा रस्ता असतो. एका गाडीला तीन चालक. कुणीही सहा तासांच्या अवधीत चार तासांहून अधिक आणि एकंदर चौदा तासांहून अधिक गाडी चालवायची नाही, असा नियम. साठाच्या आसपास गाड्या एकाच वेळी धावतात, पण त्या एकाच शर्यतीत नसतात. वरचा वर्ग हायपरकारांचा, मधला एलएमपी२चा, तिसरा एलएमजीटी३चा. या तिसऱ्या वर्गातल्या प्रत्येक गाडीत एक तरी हौशी चालक असावाच लागतो. म्हणजे कारखान्याचा पगारी, कसलेला चालक आणि आपला उद्योगधंदा सांभाळून शर्यतीत उतरलेला गृहस्थ असे दोघे, मध्यरात्री, पावसात, एकाच अंधाऱ्या रस्त्यावर वेगवेगळ्या वेगांनी जात असतात. या एका वाक्यात जेवढे नाट्य आहे, तेवढे कित्येक खेळांच्या अख्ख्या हंगामात नसते.

आपल्याकडे अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहाऱ्यावरची माणसे बदलतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, नाम चालू राहते. पहाटे तीनच्या पहाऱ्याला मंडपात चारच माणसे असतात, पण सप्ताह अखंड राहतो तो त्या चौघांमुळे. या सप्ताहाचे चित्रण करायला आलेल्या माणसाने पहिल्या दिवशीची दिंडी आणि शेवटच्या दिवशीचे काल्याचे कीर्तन तेवढे टिपले, तर त्याने सप्ताह टिपला असे कोण म्हणेल? त्याने दोन समारंभ टिपले. ले मान्सच्या बाबतीत दूरचित्रवाणीने गेली कित्येक दशके हेच केले आहे. सुरुवात दाखवायची, शेवट दाखवायचा आणि मधल्या अंधारातले दोन अपघात त्यांना जोडायला वापरायचे.

दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीचा गाभा असा, की तिथे कारण आणि परिणाम यांच्यात तासांचे अंतर असते. १९६९चे उदाहरण घ्या. तोवर ले मान्सची सुरुवात अशी होत असे की चालक रस्त्याच्या एका कडेला उभे, गाड्या दुसऱ्या कडेला; निशाण पडले की धावत जाऊन गाडीत उडी मारायची आणि निघायचे. पहिले येण्याच्या घाईत पट्टा बांधायला सवड कुणाला? त्या वर्षी जॅकी इक्स हा तरुण बेल्जियन चालक निषेध म्हणून चालत गाडीकडे गेला, शांतपणे पट्टा बांधला आणि सर्वांच्या शेवटी निघाला. त्याच शर्यतीच्या पहिल्याच फेरीत जॉन वुल्फ या चालकाचा अपघाती मृत्यू झाला. चोवीस तासांनंतर इक्स जिंकला, दुसऱ्या गाडीच्या पुढे जेमतेम सव्वाशे मीटर राहून. पुढल्या वर्षीपासून धावत सुटण्याची ती पद्धत बंद झाली. पहिल्या मिनिटाला चालत गेलेली ती पावले आणि शेवटच्या मिनिटाचे ते काही मीटर, यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस उभा आहे. ज्याला तो दिवस दाखवता येत नाही, त्याला ती पावलेही दाखवता येत नाहीत. त्याच्या लेखी एक माणूस उगाच सावकाश चालला एवढेच.

अधिक जवळचे उदाहरण २०१७चे आहे, आणि माझ्या मते या विषयावरच्या कुठल्याही चर्चेत ते आलेच पाहिजे. त्या वर्षी वरच्या वर्गात लढत होती टोयोटा आणि पोर्शे यांच्यात. चौथ्या तासाच्या सुमारास पोर्शेच्या दोन क्रमांकाच्या गाडीत पुढच्या आसाजवळ बिघाड झाला आणि ती तासाहून अधिक वेळ पिटमध्ये पडून राहिली. बाहेर आली तेव्हा पन्नासाव्या क्रमांकाच्याही मागे. ही गाडी संपली, असा निष्कर्ष कुणीही काढला असता, आणि कॅमेऱ्याने तो काढलाच. मग रात्र झाली. टोयोटाच्या तिन्ही गाड्यांवर एकामागून एक संकटे आली. त्यांपैकी आघाडीवर असलेल्या सात क्रमांकाच्या गाडीची गोष्ट तर कादंबरीत शोभावी अशी आहे. सेफ्टी कार रस्त्यावर असताना कामुई कोबायाशी पिटच्या तोंडाशी लाल दिव्यापाशी थांबला होता. दुसऱ्याच एका संघाचा चालक, अंगात नारिंगी पोशाख, जवळ आला आणि त्याने प्रोत्साहन म्हणून अंगठा वर करून दाखवला. कोबायाशीला तो मार्गावरचा पंच वाटला आणि निघण्याची खूण मिळाली असे समजून त्याने गाडी हलवली. संघाने थांब म्हटले. थांबणे, निघणे, पुन्हा थांबणे, या खटाटोपात जो क्लच अशा उठाबशांसाठी बनलेलाच नव्हता, तो जळाला. आघाडीची गाडी एका सद्भावनेच्या अंगठ्याने बाद झाली.

त्यानंतर पोर्शेची एक क्रमांकाची गाडी डझनभर फेऱ्यांची आघाडी घेऊन निवांत चालली होती. चार तासांहून कमी वेळ उरला असताना तिच्या इंजिनातला तेलाचा दाब गेला. आता सर्वांत पुढे कोण, तर मधल्या वर्गातली, एलएमपी२ची, अडतीस क्रमांकाची गाडी. ले मान्समध्ये असे कधी झाले नव्हते. आणि तिच्या मागे, एकेक फेरी परत मिळवत, कोण येत होते? संध्याकाळी तासभर पिटमध्ये पडलेली ती दोन क्रमांकाची पोर्शे. शेवटचा सुमारे एक तास उरला असताना तिने आघाडी घेतली आणि एका फेरीच्या फरकाने शर्यत जिंकली.

आता सांगा, या शर्यतीतला निर्णायक क्षण कोणता? अंगठ्याचा? तेलाच्या दाबाचा? मला वाटते, तो होता संध्याकाळचा पिटमधला तास. ज्या यंत्रज्ञांनी जिंकण्याची काहीएक शक्यता उरली नसताना, घड्याळाकडे न पाहता, गाडी पुन्हा उभी केली, त्यांनी ती शर्यत जिंकली. तो तास घडत असताना त्याला बातमीमूल्य शून्य होते. त्याचे मोल अठरा तासांनंतर ठरले. सुरुवातीचा तास आणि शेवटचा तास पाहणाऱ्या प्रेक्षकाला ही शर्यत नशिबाचा खेळ वाटली असणार: पुढचे पडले, मागचा जिंकला. ज्याने तो तास पाहिला आणि लक्षात ठेवला, त्याला ती चिकाटीची कथा वाटली. एकच शर्यत, दोन अर्थ. आणि दोहोंत फरक करते ती केवळ स्मृती. दूरचित्रवाणीजवळ हीच स्मृती नाही, हा माझा मुख्य आरोप आहे.

इथे थोडा इतिहास पाहू. १९६०च्या दशकात अमेरिकेत ‘एबीसी’ वाहिनीच्या ‘वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्‌स’सारख्या कार्यक्रमांतून मोटारशर्यती दिसत. चित्रण कापून, जोडून, इतर खेळांच्या सोबतीने. त्याबद्दल तक्रार नाही. तंत्राची मर्यादा होती. पुढे ‘स्पीडव्हिजन’ ही मोटारींना वाहिलेली वाहिनी आली, तिची २००२ साली ‘स्पीड’ झाली आणि २०१३च्या ऑगस्टमध्ये तिच्या जागी सर्वसाधारण खेळांची ‘फॉक्स स्पोर्ट्‌स १’ आली. अमेरिकन ल मान्स मालिकेने तर २०११ साली थेट प्रक्षेपण जालावर नेले आणि दूरचित्रवाणीवर नंतर दाखवायला कापछाट केलेली आवृत्ती ठेवली. म्हणजे ज्याच्या घरी वेगवान जालजोडणी त्याला शर्यत, बाकीच्यांना शर्यतीचा सारांश. युरोपात ‘युरोस्पोर्ट’ने २०१०च्या दशकात पूर्ण चोवीस तास दाखवून दाखवले. आज जालावर अख्खी शर्यत पाहता येते. तंत्राची सबब संपली. आता उरते ती दिग्दर्शकाच्या व्याकरणाची गोष्ट.

हे व्याकरण दीड-दोन तासांच्या शर्यतींसाठी, म्हणजे मुख्यतः फॉर्म्युला वनसाठी घडले. त्याचे नियम सोपे आहेत. आघाडीची गाडी दाखवा. दोन गाड्या जवळ आल्या की त्या दाखवा. काही मोडले, आपटले, पेटले की सगळे सोडून ते दाखवा. दर काही सेकंदांनी दृश्य बदला, नाहीतर प्रेक्षक उठून जाईल. दोन तासांत हे चालते, कारण तिथे कारण आणि परिणाम एकाच बैठकीत सापडतात. चोवीस तासांवर हेच व्याकरण लादले की विचित्र अवस्था होते. चारशे सेकंदांपूर्वी काय दाखवले हे ज्याला आठवत नाही असा निवेदक, चौदा तासांची गोष्ट सांगायला बसतो. वरच्या वर्गातल्या पाच-सहा गाड्या सतत पडद्यावर आणि उरलेल्या पन्नास गाड्या म्हणजे त्यांच्या वाटेतले अडथळे. मधल्या वर्गात रात्री दोन वाजता कुणी कुणाला कसे गाठले, हे पडद्याखालून सरकणाऱ्या आकड्यांवरून ओळखून घ्यावे लागते. वास्तविक गाडीवरच दिव्यांची सोय असते: आपल्या वर्गात ती पहिली, दुसरी की तिसरी, हे अंधारातही प्रेक्षकाला कळावे म्हणून. गाडी स्वतः आपली गोष्ट सांगते आहे आणि कॅमेरा तिच्याकडे पाहत नाही, याला काय म्हणावे?

यावर ठरलेले उत्तर येते: कोण बसणार आहे चोवीस तास? लोकांना थरार हवा असतो. वाहिनी धर्मादाय संस्था नव्हे. हे उत्तर देणाऱ्यांना मी नॉर्वेला पाठवीन. तिथल्या ‘एनआरके’ या सार्वजनिक वाहिनीने २००९ साली बर्गनहून ऑस्लोला जाणाऱ्या रेल्वेचा प्रवास सलग सात तासांहून अधिक वेळ दाखवला. गाडीच्या तोंडाशी कॅमेरा, बाहेर बर्फ, बोगदे, स्थानके. साधारण पन्नास लाख लोकवस्तीच्या त्या देशात बारा लाखांच्या आसपास लोकांनी त्याचा काही ना काही भाग पाहिला. २०११मध्ये याच वाहिनीने एका बोटीचा किनाऱ्यालगतचा प्रवास १३४ तास थेट दाखवला. तिथे तर शर्यतही नव्हती, कुणी जिंकणार नव्हते की हरणार नव्हते. जर्मनीतल्या न्युरबर्गरिंगची चोवीस तासांची शर्यत पाहा. पंचवीस किलोमीटरचा मार्ग, शंभराहून अधिक गाड्या, आणि जालावर ती फुकट दाखवली जाते. लोक रात्र जागून पाहतात. कसोटी क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना तर हे सांगायचीच गरज नसावी. पाचव्या दिवशीच्या खेळपट्टीवर पडलेल्या भेगेचे मोल ज्याला पहिल्या दिवसापासून कळत आलेले असते, त्याला संथपणाची भीती वाटत नाही. लोकांना संथपणा नको असतो, हा वाहिन्यांनी स्वतःच्या सोयीसाठी रचलेला समज आहे. लोकांना नको असते ते निरर्थक.

दुसरे उत्तर कट्टर चाहत्यांकडून येते आणि मला ते अधिक घातक वाटते. त्यांचे म्हणणे, सलग चोवीस तास मिळाले ना, मग भांडण कशाला? पण सलगता म्हणजे अखंडता नव्हे. शहरातल्या चौकात लावलेला कॅमेराही चोवीस तास चालतो. त्याला कुणी शहराचे चरित्र म्हणत नाही. चोवीस तास दाखवणाऱ्या प्रक्षेपणात रात्री झोपून सकाळी सहाला पुन्हा बसणाऱ्या प्रेक्षकासाठी काय असते? क्रमवारीचा एक तक्ता आणि निवडक अपघात. रात्रीत कुठल्या संघाने टायर न बदलता सलग तीन खेपा काढल्या आणि त्यात किती सेकंद वाचवले, कुणी ब्रेक बदलले, कुणाचा हौशी चालक अपेक्षेपेक्षा बराच वेळ टिकला, कुणाचा व्यावसायिक चालक आजारी पडला, याचा हिशेब कुणी मांडत नाही. हा हिशेब हीच शर्यत आहे. २०११ साली ऑडीच्या तीनपैकी दोन गाड्या भीषण अपघातांत नष्ट झाल्या आणि उरलेली एकटी गाडी पोर्शे नव्हे, प्यूजोच्या ताफ्याशी झुंजत १३.८५४ सेकंदांनी जिंकली. चोवीस तासांत चौदा सेकंदांचा फरक! तो पिटमधल्या कुठल्या तरी एका थांब्यात, एखाद्या न बदललेल्या टायरांच्या संचात दडलेला होता. जगाला आठवतात ते मात्र दोन अपघात.

गंमत अशी की चित्र नसलेल्या माध्यमाने हे काम कितीतरी चांगले केले आहे. ‘रेडिओ ले मान्स’ १९८०च्या दशकात प्रत्यक्ष मार्गावरच्या इंग्रजी बोलणाऱ्या प्रेक्षकांसाठी सुरू झाला. जॉन हिंडहॉ आणि त्याचे सहकारी वर्षानुवर्षे शर्यतीचे समालोचन करत आले. रेडिओला दाखवायला काही नसते, म्हणून त्याला सांगावे लागते. आणि सांगायचे तर आठवावे लागते. आता अमुक गाडी पिटमध्ये आली, असे म्हणताना ती मागे कधी आली होती, का आली होती आणि पुढे कधी येईल, हे जोडल्याशिवाय रेडिओवरचे वाक्य पुरे होत नाही. आपल्याकडे रेडिओवर क्रिकेट ऐकत मोठी झालेली मंडळी याची साक्ष देतील. दूरचित्रवाणीचा समालोचक मात्र चित्राच्या तोंडाकडे पाहून बोलतो. चित्र म्हणते तेवढेच तो म्हणतो, फक्त अधिक मोठ्याने.

चित्रालाच काळ झेपत नाही, असेही कुणी समजू नये. १९७१चा ‘ल मान्स’ हा स्टीव्ह मॅक्वीनचा चित्रपट पाहा. त्याच्या सुरुवातीच्या जवळपास अर्ध्या तासात पात्रांच्या तोंडी संवाद नाहीत. त्यासाठी १९७०च्या खऱ्याखुऱ्या शर्यतीत कॅमेरे बसवलेली एक पोर्शे ९०८ उतरवण्यात आली होती. ती गाडी फिल्म बदलण्यासाठी वारंवार थांबे, आणि ठरलेले किमान अंतर पुरे न झाल्याने तिला अधिकृत क्रमवारीत स्थान मिळाले नाही. पाहण्याची किंमत त्या कॅमेऱ्याने स्वतः मोजली. दूरचित्रवाणीचेही एक उजळ पान आहे. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टच्या १००० किलोमीटरच्या शर्यतीत १९७९ साली ‘चॅनल सेव्हन’ने धावत्या गाडीत कॅमेरा बसवून थेट चित्र दाखवले, आणि पीटर विल्यमसन हा चालक गाडी चालवता चालवता समालोचकांशी बोलला. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीनेच हे तंत्र पुढे आणले. आज प्रत्येक महत्त्वाच्या गाडीत असा कॅमेरा असतो आणि मुख्य प्रक्षेपणात त्याच्या वाट्याला येतात आठ-दहा सेकंद. एका चालकाची पाऊण तासाची अख्खी खेप त्याच्या खांद्यावरून दाखवावी, वाहने कशी येतात, तो कुठे थांबतो, कुठे धोका पत्करतो हे प्रेक्षकाला स्वतः पाहू द्यावे, असे मुख्य वाहिनीच्या दिग्दर्शकाला का सुचू नये?

आता या तक्रारीतला अप्रिय भाग. मधला काळ वगळला की पोकळी उरते, आणि ती पोकळी भरायला अपघात फार सोयीचा असतो. १९९९ साली मर्सिडीजच्या गाड्या ले मान्समध्ये हवेत उलटल्या. मार्क वेबरची गाडी शर्यतीच्या आधीच दोनदा उडाली होती. तरी संघ शर्यतीत उतरला आणि पीटर डम्ब्रेकची गाडी सर्वांच्या डोळ्यांदेखत झाडांत जाऊन पडली. तो वाचला. ते दृश्य थेट प्रक्षेपणात सापडले म्हणून आज जो तो तेच दाखवतो. पण खरा प्रश्न त्याच्या आधीचा होता: एक गाडी दोनदा उडालेली असताना दुसरी सोडली कुणी आणि कशाच्या भरवशावर? हा प्रश्न कॅमेऱ्यात मावत नाही, म्हणून तो मागे पडला. २०१३ साली शर्यत सुरू होऊन दहा मिनिटेही झाली नव्हती तेव्हा अ‍ॅलन सिमनसेन हा डॅनिश चालक आदळला आणि त्याचा मृत्यू झाला. त्याच्या कुटुंबाच्या इच्छेनुसार त्याच्या संघाच्या इतर गाड्या धावत राहिल्या. १९५५मध्ये प्रेक्षकांत गाडी घुसून ऐंशीहून अधिक माणसे मेली, तरी शर्यत चालू ठेवण्यात आली. मृत्यूनंतरही चालू राहणारे ते तास कसे सांगायचे, हा या खेळाच्या निवेदनापुढचा सर्वांत कठीण प्रश्न आहे. चालक सुखरूप असल्याचे कळेपर्यंत अपघात पुन्हा दाखवायचा नाही, ही पद्धत अलीकडे रुळली आहे, हे मान्य. पण पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत ढोलताशांच्या ठेक्यावर त्याच अपघातांची माळ गुंफली जाते, तेव्हा त्या संयमाचे काय उरते?

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. २०१२पासून चालणाऱ्या जागतिक मालिकेचे मूळ चित्रण आणि त्यावरचे मुख्य इंग्रजी समालोचन संयोजकांच्याच छत्राखाली तयार होते. देशोदेशीच्या वाहिन्या ते चित्र उचलतात. यजमानाच्याच माणसाने लग्नाचे वर्णन करायचे म्हटल्यावर जेवण बेचव होते असे तो कसा म्हणेल? वरच्या वर्गातल्या वेगवेगळ्या जातीच्या गाड्यांची बरोबरी राखण्यासाठी नियामक त्यांचे वजन आणि शक्ती कमीजास्त करतात. याला ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’ म्हणतात. २०२३च्या शताब्दी वर्षात ले मान्सच्या तोंडावर हे आकडे बदलले. टोयोटाच्या गाडीवर ३७ किलो वाढले, फेरारीच्या गाडीवर २४. फेरारी जिंकली, टोयोटा दुसरी आली. तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणत नाही. त्याची बाजू मांडता येते. पण संघांनी या आकड्यांवर जाहीर भाष्य करू नये असा नियम आहे, आणि संयोजकांच्या आवाजाला त्यावर बोलण्याचा उत्साह असण्याचे कारण नाही. मग प्रेक्षकाला सांगणार कोण? शर्यतीतला सर्वांत मोठा निर्णय शर्यतीआधी कागदावर होतो आणि त्यावरचे भाष्य ‘काय झुंज आहे पाहा!’ एवढेच. क्रिकेट मंडळाने नेमलेल्या समालोचकांची भाषा ऐकून ज्यांचे कान तयार झाले आहेत, त्या आपल्या रसिकांना हा प्रकार अनोळखी वाटू नये.

याचा फटका दूर बसलेल्या, पूर्वपरिचय नसलेल्या प्रेक्षकाला सर्वाधिक बसतो. २०१२ साली करुण चांढोक ले मान्समध्ये धावणारा पहिला भारतीय ठरला. तीन वर्षांपूर्वी नारायण कार्तिकेयनची संधी ऐन वेळी खांदा निखळल्याने हुकली होती. चांढोकची गाडी एका खाजगी संघाची होती. ती एकंदरीत सहावी आली. फॉर्म्युला वनच्या हिशेबाने ‘सहावा’ म्हणजे बरा निकाल, इतकेच. पण तिच्या पुढच्या पाच गाड्यांपैकी चार ऑडी कारखान्याच्या होत्या, हे कळले की त्याच आकड्याचे वजन बदलते. ते वजन सांगणारे कुणी नसेल, तर आकडा आकडाच राहतो, आणि एखाद्या मुलाला या खेळाची ओढ लागायची ती लागत नाही. भारतीय प्रमाणवेळेनुसार ही शर्यत साधारणपणे शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होते आणि तिची रात्र म्हणजे आपली पहाट. पहाटे उठून आकाशवाणी लावणाऱ्या लोकांच्या देशात तिला प्रेक्षक मिळू नयेत, असे काही नाही.

नुसते रडगाणे गाऊन थांबायचे नसेल तर मागण्याही कराव्यात. दर तासाला दहा मिनिटे मागे वळून पाहावे: या तासात काय घडले आणि त्याचे मूळ कुठल्या तासात होते. प्रत्येक वर्गाला ठरलेला वेळ द्यावा, आघाडीच्या गाड्या कितीही देखण्या असल्या तरी. पिटमधल्या लांब दुरुस्तीपाशी एक कॅमेरा आणि यंत्र जाणणारा एक निवेदक बसवावा. गाडी पुन्हा उभी राहते की नाही, यासारखी उत्कंठा दुसरी नाही. रात्री किमान एक तास समालोचकांनी गप्प बसावे आणि इंजिनांना बोलू द्यावे. नियमांवर आणि वजनांवर बोलायला संयोजकांच्या पगारावर नसलेला एक माणूस असावा. २०२४मध्ये पावसामुळे रात्री चार तासांहून अधिक वेळ गाड्या सेफ्टी कारच्या मागे संथ फिरत राहिल्या. अशा वेळी दिग्दर्शकाची खरी परीक्षा असते. ज्याच्याजवळ फक्त थरार आहे, त्याच्याजवळ त्या चार तासांत दाखवायला काहीच नसते. ज्याच्याजवळ हिशेब आहे, त्याला ते चार तास कमी पडतील.

यांतली एकही मागणी खर्चिक नाही. कॅमेरे आहेत, माणसे आहेत, वेळ तर चोवीस तास आहे. लागते ती एवढीच धारणा, की पिटमध्ये तासभर निपचित पडलेली गाडीही शर्यतीतच असते. पोर्शेच्या यंत्रज्ञांची ती होती, म्हणून ते २०१७ साली जिंकले. ज्यांनी तो तास सोडून दिला, त्यांना आपण नेमके काय दाखवायचे राहिलो, हे बहुधा अजूनही कळलेले नाही.